‘समस्त ग्रामस्थ’ म्हणजे नेमकं कोण? पेडण्यातल्या एका निवडणूक पत्रकाच्या पैशाचं प्रकरण

पत्रकाच्या शेवटच्या पानाच्या तळाला बारीक टायपात दोन ओळी होत्या. ‘प्रकाशक : समस्त ग्रामस्थ’ आणि तिच्याखाली ‘गावकऱ्यांच्या वर्गणीतून’. या दोन ओळींवरून २०२२च्या विधानसभा निवडणुकीनंतर आमच्या मंचात उभी फूट पडली. मी त्या वेळी मंचाचा खजिनदार होतो. छपाईला जाण्याआधी प्रूफ माझ्या हातातून गेलं होतं आणि त्यावर माझी सही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

गाव गोव्यातल्या पेडणे तालुक्यातलं. गावाचं, मंचाचं, माणसांचं नाव देणार नाही. नावं उघड करण्याच्या नियमांवर लिहिताना नावं झाकतोय हे खटकेल. पण यात येणारी बहुतेक माणसं शंभर-दोनशे रुपये देणारी आहेत, आणि त्यांची नावं झाकलेली राहावीत हा माझ्या म्हणण्याचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा मोठ्या रकमांबद्दल आहे.

मंच सुरू झाला तो एका डोंगरामुळे. वर काजूची बागायत, पायथ्याला भातशेती, मधून व्हाळ. डोंगर विकला गेल्याची कुणकुण लागली तेव्हा देवळाच्या सभामंडपात पहिली बैठक भरली. आमच्याच तालुक्यातल्या मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन डिसेंबर २०२२मध्ये झालं, पण आमच्याकडे जमिनीचे दलाल त्याच्या कितीतरी आधीपासून फिरत होते. ग्रामसभेचे ठराव, नगरनियोजन खात्याकडे हरकती, माहिती हक्काचे अर्ज असं काम सुरू झालं. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी केली, बँकेत खातं उघडलं. वर्षाचा खर्च तीस-चाळीस हजारांच्या वर कधी गेला नाही. पैसा कुणाचा असा प्रश्न तोवर कुणी विचारलाही नव्हता.

१४ फेब्रुवारी २०२२ला मतदान ठरलं आणि ‘या वेळी गप्प बसायचं नाही’ असं सगळ्यांनाच वाटलं. मलाही. आमचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक, गाव त्यांना मास्तर म्हणतं. त्यांची कल्पना चांगली होती, आजही मला ती चांगलीच वाटते. मतदारसंघातल्या प्रत्येक उमेदवाराला जमिनीच्या रूपांतराबद्दल, म्हणजे शेती-बागायतीची जमीन बांधकामाला मोकळी करण्याबद्दल, दहा प्रश्न लेखी विचारायचे, उत्तरं जशीच्या तशी छापायची, आणि मंचाने दहापैकी गुण द्यायचे. ‘अमक्याला मत द्या’ असं कुठेही म्हणायचं नाही. आठ पानी पत्रक, दहा हजार प्रती. एका उमेदवाराला नऊ गुण पडले, एकाला दोन.

आता वही. ती आजही माझ्याकडे आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची. जमा बाजूला पावती पुस्तकातून २१४ पावत्यांचे ७४,४०० रुपये. देवळासमोर ठेवलेल्या डब्यात ८,०००. पाच ते दहा हजारांपर्यंत देणारी सात माणसं, त्यांचे मिळून ४५,०००. इंग्लंडात असलेल्या एका गाववाल्याचे ३५,०००. आणि पणजीच्या एका धर्मादाय ट्रस्टचे १,५०,०००. एकूण ३,१२,४००. खर्च बाजूला छपाई ६२,०००, फलक ५४,०००, दैनिकातली एक जाहिरात ८५,०००, रिक्षा आणि भोंगा २२,०००, फेसबुक १८,०००. एकूण २,४१,०००.

पावत्या फाडून जमलेली गावाची वर्गणी एकूण जमेच्या पावपटही नव्हती. जवळजवळ निम्मा पैसा एका ट्रस्टचा होता. आणि पत्रकावर आम्ही छापलं होतं ‘गावकऱ्यांच्या वर्गणीतून’.

तक्रार

दोन गुण मिळालेल्या उमेदवाराच्या माणसांनी पत्रक उचललं आणि थेट निवडणुकीच्या भरारी पथकाकडे नेलं. तक्रारीचे मुद्दे दोन. पत्रकावर प्रकाशकाचं खरं नाव नाही, आणि हा खर्च नऊ गुण मिळालेल्या उमेदवाराचा आहे.

पहिल्या मुद्द्यात आम्ही सरळ चुकलो होतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१चं कलम १२७ए सांगतं की निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक या दोघांची नावं-पत्ते हवेत. प्रकाशकाने स्वतःची ओळख सांगणारं घोषणापत्र सही करून, त्याला ओळखणाऱ्या दोन माणसांच्या साक्षीने, दोन प्रतींत मुद्रकाला द्यायचं. मुद्रकाने त्याची एक प्रत आणि पत्रकाची एक प्रत जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची, राज्याच्या राजधानीत छपाई असेल तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमचं घोषणापत्र होतं, मास्तरांनी सही करून दिलं होतं. पण कागदावर मात्र ‘समस्त ग्रामस्थ’. समस्त ग्रामस्थ नावाच्या माणसाला नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची?

इथे एक गोष्ट मला जवळून बघायला मिळाली. पेडण्यातल्या बऱ्याच लोकांसारखे आम्हीही छपाईला सावंतवाडीला जातो. स्वस्त पडतं आणि ओळखीचा प्रेस आहे. कायदा म्हणतो, जिथे छपाई झाली त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्याकडे प्रत जायची. म्हणजे गोव्यातल्या निवडणुकीच्या पत्रकाचं घोषणापत्र गेलं सिंधुदुर्गात, ओरोसला. पेडण्याच्या मतदाराला ‘हे पत्रक कुणी काढलं’ हे बघायचं असतं तर त्याने सातार्ड्याचा पूल ओलांडून महाराष्ट्रातलं जिल्हाधिकारी कार्यालय गाठायला हवं होतं. तिथे पोचला असता तरी त्याला मास्तरांचं नाव मिळालं असतं. पैसा देणाऱ्याचं नाव त्या घोषणापत्रात विचारलेलंच नसतं.

फेसबुकवरही हेच. जाहिरातीखाली पैसे कुणी दिले ते दाखवावं लागतं, आणि तिथे आमच्या मंचाचं नाव होतं. ते खरंच आहे, पैसे मंचाच्या खात्यातूनच गेले. मंचाला कुणी दिले, हा प्रश्न त्या ओळीपाशी थांबतो.

दुसरा मुद्दा अवघड होता. कायद्याप्रमाणे उमेदवाराने अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा सगळा खर्च वेगळ्या वहीत लिहायचा असतो, त्याने स्वतः किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने केलेला किंवा मंजूर केलेला. निकालापासून ३० दिवसांत तो सादर करायचा. गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराला तेव्हा मर्यादा होती २८ लाखांची, त्याच जानेवारीत ती वाढवली होती. निवडणूक यंत्रणा समांतर अशी स्वतःची नोंदवही ठेवते. आमच्या पत्रकाचा खर्च त्या वहीत नऊ गुणवाल्या उमेदवाराच्या नावावर चढला.

त्याने लेखी कळवलं की हा मंच माझा नाही, मी परवानगी दिलेली नाही, खर्चाशी माझा संबंध नाही. खरंच नव्हता. ते मान्य झालं आणि खर्च त्याच्या नावावरून उतरला. मला वाटलं, सुटलो. आमच्या वकिलाने समजावलं की आता प्रश्न आपल्यावर आलाय. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याला निवडून आणण्यासाठी सभा, जाहिरात, पत्रक यांवर खर्च करणं हा भारतीय दंड संहितेच्या कलम १७१एचखाली गुन्हा होता. दंड फार तर पाचशे रुपये. दहा रुपयांपर्यंतच्या खर्चाला दहा दिवसांत उमेदवाराची लेखी संमती मिळवली तर माफी होती. १ जुलै २०२४पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम १७६ आलं आणि दंड दहा हजारांपर्यंत गेला. दहा रुपयांची सवलत तिथेही तशीच आहे. दहा रुपयांत आज झेरॉक्सच्या चार-पाच प्रती निघतात.

आम्ही उत्तर दिलं की कुणालाही निवडून आणण्याचा उद्देश नव्हता, सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारले. प्रकाशकाच्या नावाची चूक कबूल केली. पुन्हा असं होऊ नये अशी लेखी समज मिळाली आणि प्रकरण निवडणूक कार्यालयातच मिटलं. त्या कार्यालयाबद्दल माझी काही तक्रार नाही.

ज्याला परवानगीच नाही, त्याचा नमुना कुठून असणार?

कायद्याच्या या भागाचा इतिहास मी नंतर वाचला. गोव्यातल्या सगळ्याच मंचांनी तो एकदा डोळ्यांखालून घालावा.

१९७४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला खटल्यात म्हटलं की पक्षाने किंवा इतर कुणी उमेदवारासाठी खर्च केला, उमेदवाराला तो माहीत होता आणि त्याने हात झटकले नाहीत, तर ती त्याची मूक मंजुरी धरून खर्च त्याच्याच खात्यात मोजायचा. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढला आणि पुढे कायदाही केला. पक्ष, संस्था, मित्रमंडळी यांनी केलेला खर्च उमेदवाराचा नव्हे. या एका वाक्याने खर्चमर्यादेला भगदाड पडलं, आणि ते जवळजवळ तीस वर्षं तसंच राहिलं. २००३च्या दुरुस्तीने संस्था आणि व्यक्तींसाठीची ती पळवाट बंद केली. त्याच दुरुस्तीने पक्षांवर बंधन आलं की २० हजारांवरच्या देणगीदारांची यादी दरवर्षी निवडणूक आयोगाला द्यायची.

म्हणजे उमेदवाराला वही आहे. पक्षाला वार्षिक यादीचा नमुना आहे. २०१३च्या योजनेखालच्या निवडणूक ट्रस्टांना देणगीदार सांगावे लागतात. पण आमच्यासारखी संस्था, जिचा उमेदवार नाही, पक्ष नाही, मुद्दा आहे, तिच्यासाठी नमुनाच नाही. कायद्याच्या हिशोबी असा खर्च एक तर उमेदवाराचा, नाहीतर गुन्हा. तिसरा प्रकार तो मानत नाही. जे अस्तित्वातच नाही असं धरलंय, त्याचा देणगीदार कोण विचारणार?

त्यात अजून एक खाच आहे. १७१एच आणि आताचं १७६ उमेदवाराला निवडून आणण्यासाठी केलेल्या खर्चाबद्दल बोलतात. पाडण्यासाठी केलेल्या खर्चाबद्दल त्यांत शब्द नाही. १२७एमध्ये मात्र दोन्ही आहेत, फायद्याचं आणि नुकसानीचं. त्यामुळे एखाद्या संस्थेने ठरवलं की कुणाचं नाव उचलून धरायचं नाही, फक्त एकाच्या विरोधात रान उठवायचं, तर तिने मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापलं की काम झालं. रक्कम कितीही असो, मर्यादा नाही, देणगीदारांची यादी नाही.

गोव्यात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा जास्त टोचतो, कारण आपलं राजकारण मुद्द्यांवर उभं राहत आलंय. १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल घ्या. महाराष्ट्रात विलीन व्हायचं (फूल) की संघप्रदेश राहायचं (दोन पानं), एवढाच प्रश्न, उमेदवार कुणीच नाही. ३४,०२१ मतांच्या फरकाने संघप्रदेश राहिला. त्या प्रचाराचा खर्च उमेदवाराच्या वहीत बसणारच नव्हता, कारण उमेदवारच नव्हता. मग राजभाषा, प्रादेशिक आराखडा, प्राथमिक शाळांचं माध्यम, खाणबंदी. प्रत्येक वेळी मंच उभे राहिले, पत्रकं निघाली, बसगाड्या भरून माणसं पणजीला गेली. त्यांतून पक्षही जन्मले. पक्ष झाल्यावर यादी द्यावी लागते, मंच असेपर्यंत लागत नाही.

आणि मतदारसंघ लहान. पंचवीस-तीस हजार मतदार, काही ठिकाणी निकाल शंभर-दोनशे मतांवर. तिथे दहा हजार पत्रकं म्हणजे जवळजवळ प्रत्येक घरात एक.

सभामंडपातली संध्याकाळ

१० मार्चला निकाल लागला. शिगम्याच्या आधी हिशोब द्यायचा म्हणून आम्ही सभा बोलावली. मी वही वाचायला घेतली. ट्रस्टच्या रकमेपाशी कार्यकारिणीने आधीच ठरवलेला शब्द होता, ‘हितचिंतकांकडून’. मी तो वाचला.

पुढच्या रांगेत एक काकी बसल्या होत्या, वय सत्तरीच्या पुढे. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला दोन हजार येतात, त्यांतले शंभर त्यांनी आम्हाला दिले होते. ती पावती त्यांनी पासबुकाच्या प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवली होती. ती काढून त्यांनी माझ्यासमोर धरली आणि म्हणाल्या, “म्हजें नांव हांगा आसा. पुता, तो दीड लाख पयसो कोणाचो, तें पयलीं सांग.”

माझ्याकडे ट्रस्टचं नाव होतं. ट्रस्टच्या मागे कोण, हे मला माहीत नव्हतं. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी सांगितलं. ट्रस्टला पैसा एका कंपनीकडून येतो. तिची जमीन शेजारच्या गावात आहे, किनाऱ्याकडे, आणि तिचं रूपांतर आधीच झालेलं आहे.

मंडपात कुणी आरडाओरड केली नाही. पण सगळ्यांच्या मनात गणित झालं असणार. आमच्या डोंगराचं रूपांतर थांबलं की शेजारच्या रूपांतरित जमिनीचा भाव चढतो. कंपनीचं आणि आमचं म्हणणं त्या एका मुद्द्यावर खरंच एक होतं. मास्तर म्हणाले, “आपण काही खोटं छापलं नाही. नाव छापलं असतं तर लोकांनी नावच वाचलं असतं, प्रश्न कुणी वाचले नसते.”

पहिलं वाक्य बरोबर आहे. पत्रकातला एकही शब्द खोटा नव्हता. पण त्या रात्री घरी येऊन मी मसुद्याची फाईल काढली. पहिल्या मसुद्यात प्रश्न अकरा होते. अकरावा होता, ‘किनारी भागात आधीच दिलेल्या रूपांतरांची फेरतपासणी करणार का?’ तो नंतर गळला. मास्तर सांगतात की पानात जागा पुरत नव्हती. त्यांच्या शब्दावर माझा अविश्वास नाही, ते तसे गृहस्थ नाहीत. पण ट्रस्टचा धनादेश खात्यात जमा झाल्याची तारीख आणि अकरावा प्रश्न काढल्याची तारीख यांत तीन दिवसांचं अंतर आहे. काकींना आणि दहा हजार घरांना या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघता यायला हव्या होत्या. बघून त्यांनी ‘काही हरकत नाही’ म्हटलं असतं तर तो त्यांचा निर्णय. आम्ही त्यांना निर्णयच करू दिला नाही.

आणि यात बेकायदा काय होतं? शोधूनही फारसं सापडत नाही. कंपनी कायदा २०१३च्या कलम १८२मध्ये चांगली तरतूद आहे. एखाद्या पक्षाच्या जनाधारावर परिणाम करील असं काम करणाऱ्याला कंपनीने जाणूनबुजून दिलेला पैसाही राजकीय देणगी धरायचा आणि नफा-तोटा पत्रकात दाखवायचा. पण कंपनीने दिला ट्रस्टला, ट्रस्टने दिला मंचाला. मध्ये एक उडी आली की कलमाचा हात पोचत नाही. ट्रस्टला ८०जीची, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, मान्यता असेल तर त्याने देणगीदारांचं विवरण आयकर खात्याला द्यायचं होतं, नमुना १०बीडी, नेमका त्याच २०२१-२२ वर्षापासून सुरू झालेला. मुदत ३१ मेची. म्हणजे मतदानानंतर साडेतीन महिन्यांनी सरकारच्या एका संगणकात कंपनीचं नाव पोचणार. काकींपर्यंत नाही.

पुढे १५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले तेव्हा मला आमचा मंडप आठवला. रोख्यांमध्येही बँकेला नाव माहीत होतं, मतदाराला नव्हतं. पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की पक्षाला पैसा कोण देतो हे कळणं हा मतदाराच्या माहितीच्या हक्काचा भाग आहे. निकाल पक्षांपुरता आहे. पण त्यामागचं कारण, मत देणाऱ्याला बोलणाऱ्यामागचा पैसा दिसावा, ते मंचाच्या पत्रकालाही तितकंच लागू पडतं असं माझं ठाम मत आहे.

इंग्लंडचे पस्तीस हजार

ही रक्कम लहान होती, पण कायद्याच्या दृष्टीने सगळ्यांत धोक्याची तीच निघाली. पैसे पाठवणारा आमच्याच वाड्यावरचा, आता इंग्लंडात, पोर्तुगीज पासपोर्टावर. पैसे आले भावाच्या इथल्या खात्यातून, रुपयांत. आम्हाला वाटलं, आपलाच माणूस.

विदेशी योगदान नियमन कायदा २०१० माणसाचं गाव बघत नाही, नागरिकत्व बघतो. भारतीय पासपोर्ट असलेला तारवटी (जहाजावर नोकरी करणारा) किंवा आखातात नोकरी करणारा आपल्या पगारातून बँकेमार्फत पैसे पाठवतो, ते विदेशी योगदान नव्हे. पोर्तुगीज नागरिक झालेल्याचे, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) कार्ड असलं तरी, विदेशीच, मग ते रुपयांत दिले तरी. आमच्या मंचाची त्या कायद्याखाली नोंदणी नव्हती. उमेदवाराला आणि पक्षाला तर असा पैसा पूर्ण बंद आहे. गोव्यात हा प्रश्न प्रत्येक वाड्यावर येणार, कारण एकाच घरात एक भाऊ भारतीय आणि दुसरा पोर्तुगीज असतो. आम्ही पैसे परत केले आणि वकिलाच्या सल्ल्याने लेखी नोंद ठेवली. त्या माणसाला फार लागलं. त्याचा फोन मी विसरलेलो नाही.

मग सगळीच नावं लावायची का

सभेनंतर तरुण मुलांनी सुचवलं की सगळ्या २१४ पावत्या स्कॅन करून फेसबुकवर टाकू, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही. मी त्याला कडाडून विरोध केला.

त्या २१४ जणांत एक अनुदानित शाळेतली शिक्षिका होती. एकाच्या घराच्या दुरुस्तीची फाईल पंचायतीत पडून होती. एकजण ज्या भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत मुंडकार आहे, म्हणजे घर बांधून राहतो, त्याच भाटकाराने डोंगर विकला होता. दोनशे रुपयांसाठी ही माणसं उघडी पडली असती. पुढच्या वेळी एकानेही पावती फाडली नसती, आणि मंच खरोखरच ट्रस्टच्या पैशावर चालला असता.

अमेरिकेत या वादाची दोन्ही टोकं बघायला मिळतात. १९५६मध्ये अलाबामा राज्याने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेकडे तिच्या सभासदांची यादी मागितली. यादी बाहेर पडली असती तर लोकांच्या नोकऱ्या आणि जीव धोक्यात आले असते. १९५८मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने यादी देण्यापासून संस्थेला संरक्षण दिलं. हा निकाल वाचताना मला आमची शिक्षिका दिसत होती. पण त्याच देशात २०१०च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर कंपन्यांना आणि संघटनांना स्वतंत्र प्रचारावर हवा तेवढा खर्च करायची मोकळीक मिळाली, आणि ज्या संस्थांना देणगीदार जाहीर करावे लागत नाहीत त्यांच्यामार्फत मोठमोठ्या रकमा फिरू लागल्या. संरक्षण दुबळ्यांसाठी होतं, त्याच्या आडोशाला बलवान जाऊन बसले. २०२२मध्ये ॲरिझोना राज्याच्या मतदारांनी थेट मतदानाने कायदा केला. राज्यपातळीच्या प्रचारावर ५० हजार डॉलरांवर खर्च करणाऱ्याने ५ हजार डॉलरांवरच्या पैशाचा मूळ धनी सांगायचा, मधल्या संस्थेचं नाव सांगून भागणार नाही. आमच्या प्रकरणात नेमकं हेच हवं होतं. रकमेची एक रेषा, आणि रेषेच्या वर मूळ धनी.

आम्ही रेषा दहा हजारांवर आखली. का दहा? कारण आमच्या गावात दहा हजार देणारा माणूस कुणाला घाबरून राहणारा नसतो, एवढाच विचार. पक्षांची २० हजारांची रेषा आमच्या मंचाला मोठी वाटली. दहा हजार आणि त्यावर देणाऱ्याचं नाव पत्रकाच्या पहिल्या पानावर, मथळ्याच्या खाली, मजकुराच्याच टायपात छापायचं. देणारी संस्था असेल तर तिने पैसा कुठून आला ते लेखी द्यायचं, नाहीतर धनादेश परत. आणि वही मतदानाच्या आधी आठ दिवस मंडपात उघडी ठेवायची, कारण निकालानंतर दाखवलेल्या वहीचा मतदाराला काही उपयोग नाही. मास्तरांनी या ठरावाला विरोध केला आणि हरल्यावर राजीनामा दिला. आमचं बोलणं आजही आहे, पण मंचाच्या कामाला ते परत आले नाहीत.

ऑगस्ट २०२२मध्ये पंचायत निवडणूक झाली. या वेळी जमले ४१,००० रुपये, ट्रस्टचा एक पैसाही नाही. एका व्यापाऱ्याने पंचवीस हजार देऊ केले होते, नाव छापणार म्हटल्यावर हसून चहा पाजला आणि विषय बदलला. पत्रक एका कागदाचं, काळं-पांढरं. वर दोन नावं आणि त्यांच्यापुढे रकमा. प्रकाशक म्हणून माझं नाव आणि घरक्रमांकासकट पत्ता. रविवारी बाजारात मी ते वाटताना बघत होतो. लोक आधी वरची दोन नावं वाचायचे आणि मग खाली यायचे. मास्तर म्हणाले होते तसंच झालं. पण खालीसुद्धा वाचत होते.

आता २०२७ची विधानसभा समोर आहे आणि पावती पुस्तकं पुन्हा बाहेर आली आहेत. गेल्या आठवड्यात एकाच घरातून चार पावत्या फाडल्या गेल्या. दोन भाऊ, त्यांच्या बायका, प्रत्येकी ९,९०० रुपये. चारही पावत्यांवर तारीख एकच, आणि हस्ताक्षरावरून पैसे आणून देणारा माणूसही एकच दिसतो. आमच्या ठरावात घर मोजायचं की माणूस, हे लिहिलेलं नाही. रक्कम मी अजून बँकेत भरलेली नाही. रविवारी मंडपात बैठक आहे, चारही पावत्या घेऊन जाणार आहे.